न पडलेली पाकळी

आमच्या वाडीत ही गोष्ट अशी सांगतात: देवळीतले चांदीचे छत्र गेले, गुरवाने पाकळ्या लावल्या, उजवी पाकळी पडली आणि चोर सापडला. चोर म्हणजे माझ्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहणारी बाई. छत्र गेले हे खरे आहे. उजवी पाकळी पडली हेही खरे, मी तिथेच उभा होतो. पण ती का पडली आणि डावी का पडली नाही, हे त्या दिवशी तिथे जमलेल्यांत फक्त मला माहीत होते. मी बोललो नाही. ते आता लिहितो आहे.

मी नोकरीभर डिचोलीकडे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि निवृत्त झाल्यावर पेडण्यातल्या आमच्या मूळ घरी येऊन राहिलो. घरात आता मी आणि वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, माझी पत्नीही गेली, मुले आपापल्या ठिकाणी. वहिनींच्या ताब्यात स्वयंपाकघर आणि देवळीची किल्ली, माझ्या ताब्यात आम्ही जनेल म्हणतो त्या खिडकीजवळचे एक मेज आणि त्यावरचा सूक्ष्मदर्शक.

देवळी, म्हणजे आमचे छोटे देऊळ, अंगणाच्या टोकाला आहे; तिची किल्ली तेव्हा तिथल्याच चौकटीवर टांगलेली असे. आत मूर्ती नाही, एक काळा पाषाण आहे आणि आमच्या भाऊबंदांच्या सगळ्या घरांचा तो देव. देवळीला लागून फणसाचे झाड आहे आणि त्याच्या बेचक्यात एक ऑर्किड. गावात त्याला सरसकट बांडगूळ म्हणतात. ते चूक आहे, ते झाडाचे काही खात नाही, नुसते बसते. त्याचे शास्त्रीय नाव मी इथे देत नाही. नाव कळले की माणसे पिशव्या घेऊन येतात, हे मी पाहिलेले आहे.

ती बाई मूळची कोल्हापूरकडची. नवरा बांधकामावर, आज इथे तर उद्या वाळपईला, आणि ती तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला. सुटीच्या दिवशी देवळीचे अंगण झाडून फिनेलने धुऊन द्यायची. हे काम वहिनींनी तिला लावून दिले होते. ती माझ्याशी कमी बोलायची. कमी बोलणाऱ्या माणसांबद्दल मला पूर्वीपासून शंका वाटते. शिक्षकाचा दोष असावा.

संशयाची सुरुवात छत्रापासून झाली नाही, फुलांपासून झाली. वैशाखात ऑर्किडला तुरा आला आणि मला फुलांच्या ओठावर बारीक थेंब दिसले. ऑर्किडच्या फुलात एक पाकळी बाकीच्यांहून वेगळी असते, पुढे आलेली आणि रुंद. तिला आम्ही ओठ म्हणतो. थेंब नेमके तिथेच होते, बाकी फूल कोरडे. मला वाटले, हिने फिनेल उडवले. मी तिला हाक मारून विचारले.

"फुलांवर काय टाकलंस?"

"मी कशाला टाकीन, सर? मी खाली बघून झाडते."

"मग हे ओलं कशानं झालं?"

"तुमचं फूल, तुमाला म्हाईत," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

ते उत्तर मला उर्मट वाटले. पुरावा काढायचा म्हणून मी एक फूल आणले. पपईच्या पानाच्या देठाचा तुकडा उभा चिरून त्यात ओठाची पट्टी धरली आणि वस्तऱ्याने काप घेतले. हात कापतो माझा आता, त्यामुळे बरेच काप जाड आले, पण एक चांगला उतरला. त्याला निळा रंग देऊन, पाण्याच्या थेंबात ठेवून वर काच टाकली आणि पाहिले.

ते मला आजही डोळ्यांसमोर आहे. ओठाच्या वरच्या पृष्ठभागावर केसांची दाटी होती. प्रत्येक केसाचे बूड सालीच्या पेशींमध्ये रोवलेले, वर एकावर एक ठेवलेल्या फिकट पेशींचा आखूड दांडा, आणि दांड्याच्या टोकाला गोल, गडद निळे डोके, आगकाडीच्या गुलासारखे. डोक्यातल्या पेशी रसाने गच्च भरलेल्या. डोक्यावरचे पातळ पापुद्र्यासारखे आवरण काही ठिकाणी फोडासारखे वर उचललेले होते आणि त्या फोडात स्राव साठलेला. काही फोड फुटले होते. तिथून स्राव बाहेर येऊन शेजारच्या केसांवर पसरला होता. थेंब फुलाचेच होते. फिनेलचा काही संबंध नव्हता.

मग बाजूची साधी पाकळी कापून पाहिली. तिच्यावर केस नव्हते. नुसते बुटके उंचवटे आणि वर मेणाचा थर, पाणी टाकले की घरंगळून जाणारा. ओठाचे उलट होते. पाणी लागले की स्राव फुगायचा आणि बोटाला धागे यायचे. दुसरा एक रंग घालून पाहिला तर त्यात तेलकट कणही दिसले. म्हणजे तो पाण्याने फुगेल, पण नुसत्या पाण्याने सुटणार नाही. मी बोट धोतराला पुसले, दुपारी जेवायला बसलो तरी चिकटच.

बाई निर्दोष ठरली होती. मी तिला तसे सांगितले नाही. सांगण्यासारखे काय आहे, असे वाटले. आणि खरे सांगायचे तर तोवर मला तिच्यावर नजर ठेवायची सवय लागली होती. ती खोलीचे दार पुरते लावत नाही, अर्धे का ठेवते? फोनवर बोलताना कानडी का मिसळते? काचेखाली धरून पाहिले की धुळीचा कणही काहीतरी वाटू लागतो, आणि मी तर आयुष्यभर तेच करत आलो होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सुटीच्या एका सकाळी, मी जनेलातून तिला देवळीकडून येताना पाहिले. पदर पोटाशी गोळा करून धरलेला, आत काहीतरी होते. दुसऱ्या हाताची बोटे ती पुन्हा पुन्हा लुगड्याला पुसत होती. मला पाहिल्यावर ती थबकली, मग वाट बदलून विहिरीच्या बाजूने खोलीत गेली. संध्याकाळी वहिनी दिवा लावायला गेल्या तर पाषाणावरचे छत्र नव्हते.

मी जे पाहिले ते वहिनींना सांगितले. त्यात खोटे काही नव्हते.

पोलिसांकडे जायचे नाही असे भाऊबंदांत ठरले. आमच्याकडे अशा वेळी देवाला विचारतात. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना एकेक पाकळी तीर्थात भिजवून चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नेहमी त्याला पिटकुळीच्या कळ्या लागतात, त्या तांबड्या कळ्यांचे झुडूप देवळीच्या कुंपणाला होते. पण रस्ता रुंद करताना यंत्राने कुंपणासकट ते उपटून नेले होते. दुसरी फुले शोधण्यापेक्षा समोरचीच घेऊ, असे कुणीतरी म्हणाले. देवाच्याच फणसावरची फुले, ती चालतील. गुरवालाही ते पटले.

"सर, पाकळ्यो तुमीच काडून दियात," गुरव म्हणाला. "तुमका फुलांतला कळता."

मी फूल हातात घेतले. एक ओठ काढला आणि एक बाजूची पाकळी, आणि दोन्ही त्याच्या तबकात ठेवल्या. का? इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो की ओठ रुंद असतो, दिसायला चांगला, म्हणून सहज उचलला. दोन बाजूंच्या दोन सारख्या पाकळ्या त्याच फुलात होत्या. त्या उचलणे अधिक सोपे होते. तेव्हा माझ्या मनात नक्की काय होते ते मी आज शपथेवर सांगू शकत नाही. पण पुढचे सांगू शकतो.

गुरवाने दोन्ही तीर्थात बुडवल्या. साधी पाकळी उजवीकडे लावली, ओठ डावीकडे. डावीकडून त्याने बोट काढले तेव्हा बोटाबरोबर एक बारीक तार आली आणि तुटली. ती मी पाहिली. त्या क्षणी मला कळले की डावी पडणार नाही, दिवसभर उभे राहिलात तरी पडणार नाही. अजून गाऱ्हाणे सुरू व्हायचे होते. मी म्हणू शकलो असतो, थांबा, या दोन सारख्या नाहीत. एक वाक्य.

"ह्या कामात घराभायलो हात आसलो, तर बाप्पा, उजवी दी," गुरवाने म्हटले.

उजवी पाकळी जरा वेळ थरथरली आणि ओघळली.

"झाला," गुरव म्हणाला.

सगळे मागे वळले. ती फणसाखाली बादली घेऊन उभी होती. मला वाटले, बोलेल, आरडाओरडा करेल, शपथा घेईल. तिने बादली खाली ठेवली, केरसुणी भिंतीला टेकवली आणि खोलीकडे गेली. तिच्या खोलीची झडती घेतली, काही मिळाले नाही. "विकल्यान आसतला," कुणीतरी म्हणाले. आठवड्याच्या आत ती नवऱ्याबरोबर सामान टेम्पोत घालून निघून गेली. मला मोकळे वाटले. हेही लिहायला हवे.

मधे एक वैशाख गेला. त्या वर्षी तुरा आला, पण मी काप घेतले नाहीत. सूक्ष्मदर्शकावर वहिनींनी शिवलेली खोळ होती, ती तशीच राहू दिली.

यंदा आमच्या भाऊबंदांपैकी एकजण ओसरीवर चहाला आला होता. तो तुयेलाच कामाला असतो. उंडा पाव चहात बुडवत तो हसत सांगू लागला, "ती आमची देवळीवाली बाय आसा मगो, तिका स्टोअरची किल्ली दितले होते. सुपरवायजर म्हणता, कामाक बरी, हिशेबाक बरी. मी म्हटलंय, थांब बाबा, आमच्या देवान तिचा काय सांगल्यान ता आयक पयले."

"मगे?" वहिनींनी विचारले.

"मगे कसली किल्ली! आता गेटीवर पर्स उघडून बघतत तिची, जाताना."

मी चहा तसाच ठेवून आत गेलो.

त्या दिवशी मी खोळ काढली. तुरा होताच. ताजा काप घेतला, आणि या वेळी वहिनींना बोलावले. त्या पूर्वी कधी मेजाकडे फिरकल्या नव्हत्या. चष्मा काढून, एक डोळा हाताने झाकून त्यांनी आत पाहिले.

"काय दिसता?"

"टाचण्यो," त्या म्हणाल्या. "डोक्यार पाणी आसलेल्यो टाचण्यो."

मी त्यांना सगळे सांगितले. तार, तीर्थ, डावी, उजवी. ओठ त्यांच्या बोटाला लावून दाखवला. त्यांनी बोट झटकले, फूल सुटेना. मग त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला आवडली नाही. त्यांच्याच घरात राहणारा दीर त्यांना पहिल्यांदाच नीट दिसत असावा.

"भावजी, देवाक ठावक नाय होता काय, खयची पाकळी चिकट आसा ती?"

"म्हणजे?"

"म्हणजे देवान तुमच्याच हातान ती काडून घेतल्यान आसतली. तुमचा ह्या यंत्र देवापेक्षा शाणा?"

मी एवढेच म्हणालो की देवाचे मला माहीत नाही, माझे मला माहीत आहे. मी पाहिले आणि गप्प राहिलो.

"मगे तिका जाऊन सांगा," वहिनी म्हणाल्या. "माका कित्याक सांगतात?"

तुयेला वसाहतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"तुमी हितं?" ती म्हणाली. "माझ्या खोलीत काय बघायचं ऱ्हायलंय आता?"

मी उभ्याउभ्याच विचारले. कबुली द्यायला गेलो होतो, पण तोंडातून आधी प्रश्नच आला. जुनी खोड. "त्या सकाळी तुझ्या पदरात काय होतं?"

ती हसली, पण ते हसणे माझ्यासाठी नव्हते. "फुलं. तुमच्या फणसावरनं पडलेली. डोक्यात माळायला घेतली हुती. तुमी फुलावरनं वरडायचा म्हणून लपवली."

"मग बोटं का पुसत होतीस?"

"चिकाट असतंय की ते. जात न्हाई. साबणानं बी जात न्हाई. तुमाला म्हाईत न्हाई व्हय, सर? रोज तर त्याच्याकडं बघत बसायचा."

मी तिला फुलाच्या ओठावरच्या केसांबद्दल काही सांगितले नव्हते. गावातही कुणाला सांगितलेले नव्हते, वहिनी सोडून. तरीसुद्धा मनात येऊन गेले की वहिनींनी हिला आधी निरोप पाठवला असेल काय. असा विचार येतो माझ्या मनात, आला तसा लिहिला. मग मी तिच्या पायरीवर बसलो आणि पाकळ्यांचे सांगितले. ती ऐकत होती, सुपातले तांदूळ तसेच.

"म्हंजी त्या दिशी देव न्हाई बोलला," ती शेवटी म्हणाली, "डिंक बोलला."

"हो."

"आणि तुमी बघत हुता."

"हो."

"देवानं सांगितलं म्हणून मी गप बसले, सर. माणसानं सांगितलं असतं तर मी त्याच्या दारात बसून बोंब मारली असती. देवाम्होरं काय बोलायचं?" तिने सूप बाजूला ठेवले. "मला हितं येऊन सांगून काय उपेग? तितंच सांगा. त्याच जागी, त्याच माणसांम्होरं. माझी किल्ली घालवली तो तुमचा भाऊबंदबी असू दे."

देवळीचा वर्षाचा दिवस जवळच होता. त्या दिवशी सगळी भाऊबंद घरे जमतात, गुरव पूजा करतो, दुपारी जेवण असते. तिला मी यायला सांगितले. येईल असे वाटले नव्हते.

पूजा झाली आणि मी उठलो. तबकात एक ओठ आणि एक साधी पाकळी घेतली होती. गुरवाला म्हटले, या लाव, काही विचारू नकोस, नुसत्या लाव. त्याने नकारार्थी मान हलवली.

"देवाची परीक्षा घेऊची नसता, सर."

त्याचे बरोबर होते. मग मी देवळीच्या पायरीच्या उभ्या दगडावर स्वतःच पाणी लावून दोन्ही चिकटवल्या आणि बोलत राहिलो. माझे बोलणे संपायच्या आत साधी पाकळी खाली आली. ओठ तिथेच राहिला. मी सांगितले की त्या दिवशी हेच झाले होते, तार मी पाहिली होती आणि थांबा म्हणालो नाही, कारण ती बाई दोषी ठरावी असे मला वाटत होते.

कुणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते. पोरेटोरे ओठाला बोट लावून बघू लागली. मग तुयेला कामाला असलेला तो म्हणाला, "सर, पण मगे छत्र नेल्यान कोणी?"

"मला माहीत नाही."

"भायलो हात नाय, तर मगे..."

त्याने वाक्य पुरे केले नाही. पण मला ते सगळ्यांच्या तोंडावर दिसले. माणसे एकमेकांच्या शेजारी बसली होती ती थोडी थोडी सरकली. किल्ली कुणाच्या ताब्यात असते, त्या आठवड्यात कोण आले होते, कुणाच्या घरात नवे काय आले, हे सगळे प्रत्येकाच्या डोळ्यांत सुरू झाले. दोघातिघांनी वहिनींकडे पाहिले. माझ्याकडेही पाहिले गेले. वहिनींनी चौकटीवरची किल्ली काढली आणि कमरेला खोवली. पुढे मी कधी ती चौकटीवर पाहिली नाही.

ती आली होती. मागे, त्याच फणसाखाली उभी होती, या वेळी हातात बादली नव्हती. फॅक्टरीच्या गेटवर उघडून बघतात ती पर्स खांद्याला होती.

"बघत बसा आता एकमेकांकडं," ती मोठ्याने म्हणाली. मग तुयेवाल्याकडे वळून, "आणि तुमी, दादा, उद्या सुपरवायजरला हे बी सांगा. सगळं सांगा."

तो "सांगतंय, सांगतंय" म्हणाला. त्याने पुढे सांगितले की नाही ते मला कळलेले नाही. म्हणून हे लिहून ठेवले आहे. वाडीत कुणी ती जुनी गोष्ट सांगू लागला तर त्याला हे वाचून दाखवावे.

जायला निघताना ती खाली वाकली. झाडाखाली पडलेली दोनतीन फुले तिने उचलली, सगळ्यांसमोर अंबाड्यात खोवली आणि सवयीने बोटे पदराला पुसली. चिकटी जाईना.

वहिनी उठल्या, देवळीत गेल्या आणि समईशेजारची तेलाची वाटी घेऊन बाहेर आल्या.

"पदराक नको पुसू गो," त्या म्हणाल्या. "लुगडा खराब जाताला. तेलान जाता ता. हात हय कर."

तिने आधी वहिनींच्या तोंडाकडे पाहिले. मग हात पुढे केला.